पऱ्हाट्यांच्या खोलीतली प्रार्थना

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या सुमारास आम्ही बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात भाड्याने राहत होतो. खोल्या दोन आणि माणसं सहा: आम्ही दोघं, सासूबाई आणि तीन मुलं. कचेरीचं सगळं काम आता हिंदीत करायचं म्हणून हे संध्याकाळी हिंदी अर्ज मोठमोठ्याने वाचत बसायचे. शेजारी मुलांचे पाढे चालू, सासूबाईंचा खोकला चालू. आम्ही ख्रिस्ती; जेवणाआधी आमची घरची उपासना व्हायची, पण माझं अर्धं लक्ष चुलीवरच्या भाताकडे असायचं. माहेरी मी रोज थोडा वेळ एकटीच देवापुढे बसायची. लग्नानंतर ते सुटलं. उगाच मुलांवर हात उगारायची आणि मग मलाच वाईट वाटायचं.

अंगणाच्या टोकाला घरमालकिणीची जळणाची खोली होती. छतापर्यंत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, रचलेल्या. एका दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, मुलं शाळेत होती. मी गुपचूप तिथे शिरले, दार ओढून घेतलं आणि डोळे मिटून बसले. पहिल्या दिवशी शब्दच फुटेनात. "प्रभू, मी आले आहे," एवढंच म्हटलं आणि रडू कोसळलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.

आठवड्याभरात घरमालकिणीने मला पकडलं. केळीच्या बागा असलेल्या मोठ्या कुटुंबातली ती थोरली सून. मी तिला मावशी म्हणायची. दार उघडून ती थबकलीच.

"काय झालं वं पोरी? सासूनं काही म्हटलं का तुले?"

"नाही मावशी. प्रार्थना करते आहे."

"इथं? या कचऱ्यात?"

"घरात एकटं बसायला जागाच नाही."

ती दार लोटून निघून गेली. आता खोलीला कुलूप लागणार, असं मी धरूनच चालले. दुसऱ्या दिवशी पाहते तर पऱ्हाट्या एका भिंतीला सरकवलेल्या, उरलेली जमीन शेणाने सारवलेली आणि वर एक पाट मांडलेला. अंगणात तिची नातवंडं दंगा करत होती. त्यांना ती दटावत होती, "हल्ला नका करू रे! बाई देवाशी बोलून राहिली."

पुढे काही महिन्यांनी एका दुपारी मी गेले तर दार आतून ओढून घेतलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर मावशी पाटावर बसून हुंदके देत होती. मी तशीच बाहेर उभी राहिले. मुलं खेळत आली, त्यांना हातानेच परत पाठवलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"मले तुमची प्रार्थना नाही येत," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "नुसती बसली. लेक गेली त्याले बारा वर्षं झाली. घरात पंधरा माणसं, रडू कुठं? आज रडली."

मी तिचा हात धरला.

"उद्यापासून आधी तुम्ही बसा, मी नंतर येईन," मी म्हटलं.

"नाही. तुझा वेळ तुले राहू दे. मी कपडे वाळत घातल्यावर जाईन."

तसंच ठरलं. तिने माझा देव कधी विचारला नाही, मीही तिच्या बसण्यात कधी डोकावले नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या आधी कुरकुरल्या, "घरची उपासना पुरत नाही का हिला?" पण महिन्याभराने त्याच ह्यांना म्हणाल्या, "दुपारी बसायला लागल्यापासून हिचा आवाज खाली आलाय." मी आत भाकऱ्या थापत होते. ऐकून हसू आलं आणि भाकरी करपली.

त्या घरात आम्ही चार वर्षं काढली. मग ह्यांना सरकारी क्वार्टर मिळालं, तीन खोल्यांचं. तिथे माझ्यासाठी कोपरा होता, दाराला कडी होती. पण सुटलेली सवय मात्र मला मावशीच्या घरी पुन्हा लागली, आणि ती अजून टिकून आहे. आजही आभार मानायला बसले की मुलाबाळांच्या आधी तिचं नाव तोंडात येतं. देवाला ते चालत असावं.