वाटाण्याच्या चार ओळी

आमच्या अनुदान कार्यालयात पहिल्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला आजूबाजूची सगळी गावं ताई म्हणत. अर्जात चूक सापडली की शेतकऱ्याला परत पाठवायचं, हा आमचा खाक्या. ताई मात्र त्याला समोर बसवून घ्यायची आणि सगळं नीट समजावून सांगायची. माझं टेबल तिच्या शेजारीच, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

त्या वर्षी नवी योजना आली. पाच वर्षं जमिनीत काहीही पेरायचं नाही, तिला विसावा द्यायचा. त्याबद्दल सरकार दर वर्षी अनुदान देणार. ताईच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सत्तरी ओलांडली होती. गुडघ्यांनी दावा मांडला होता. ताईने पहिला अर्ज त्यांचाच भरला.

"म्हणजे न पेरण्याचे पैसे?" आप्पा हसले. "मग इतकी वर्षं उगाचच राबलो की!"

"आता आराम करा, आप्पा. खूप केलंत."

त्यांनी सही केली. पैसे वेळेवर आले, गळकं छप्पर दुरुस्त झालं, गुडघ्यांवर उपचार सुरू झाले. पण आप्पा पहाटे उठायचे, शेतातले बूट चढवायचे आणि दारातल्या पायरीवर नुसते बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. शेजाऱ्यांच्या बांधावर जाऊन त्यांच्या चुका काढू लागले. शेवटी शेजारीही त्यांना पाहून वाट बदलायला लागले.

दुसऱ्या वर्षी तपासणीच्या यादीत त्यांचं शेत निघालं. ताईचं घरचं शेत म्हणून काम माझ्याकडे आलं. ती फक्त फाटक उघडायला सोबत आली. विहिरीमागे, रस्त्यावरून दिसू नये अशा बेताने, वाटाण्याच्या चार ओळी उभ्या होत्या. काड्या रोवून, सुतळीने बांधून वेल चढवलेले. पांढरी फुलं आली होती.

आप्पा आमच्या मागोमाग आले. "चारच ओळी आहेत," ते म्हणाले. "हात स्वस्थ बसेनात गं."

मी कागद मिटला. "मला विहिरीपलीकडचं काही दिसत नाही," मी म्हणाले.

"नको," ताई म्हणाली. "नोकरी जाईल तुझी. आणि अशाच ओळींपायी मी कितीजणांची अनुदानं थांबवली आहेत."

तपासनिसाच्या डोळ्यांदेखत पीक काढून टाकलं तर नुसत्या ताकिदीवर भागतं, हा नियम तिला तोंडपाठ होता. ती वाकली आणि वेल उपटायला लागली. आप्पा थोडा वेळ पाहत राहिले. मग कण्हत गुडघे टेकून तेही तिच्या शेजारी बसले.

"मुळापासून काढ," एवढंच म्हणाले. "नाहीतर पुन्हा फुटतात."

त्यानंतर ते शेताकडे फिरकलेच नाहीत. त्याच हिवाळ्यात, दुपारी पडल्या पडल्या गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

परगावच्या भावाचा फोन आला, "उरलेली तीन वर्षं अनुदान वारसांना मिळतं, योजनेतून नाव काढू नकोस." ताईने काढलं. जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, पण ती पाहायला कधी गेली नाही. मग तिने खिडकीवरून बदली मागून घेतली. आता ती जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसते.

परवा मी विचारलं, "इथे करमतं का गं?"

"करमतं," ती फाइलींवरची धूळ पुसत म्हणाली. "इथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही."