पट्टीतली फट

"मादाम, तुम्ही एवढंच सांगायचं. उकळत्या रेडिएटरमध्ये ड्रायव्हरने थंड पाणी ओतलं. बस्स."

मिस्ये रेमों हे दारातूनच बोलले. खाली आवारात बस कंपनीच्या मालकाची गाडी नुकतीच येऊन थांबली होती. मागच्या सीटवर त्याच्या एका बसचा ड्रायव्हर होता. आपली नोकरी राहते की जाते, ते ऐकायला त्याला आणलं होतं.

मुलांनो, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल की आजी कधी चिडत नाही. ते खरं नाही. मी किती चिडू शकते ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिते आहे. आमचं बोलणं बेटावरच्या क्रेओल बोलीत झालं होतं, इथे मराठीत देते.

मिस्ये रेमों आमचे डायरेक्टर. आमच्या बेटाच्या राजधानीच्या, पोर्ट लुईच्या बाहेर त्यांचं रेडिएटर बनवायचं वर्कशॉप होतं. सत्तरच्या दशकाची अखेर होती. परदेशी रेडिएटर यायला फार वेळ लागे, म्हणून बसवाले आमच्याकडून करून घेत. मी तिथली एकटी इंजिनियर. माझी इंग्लंडची डिग्री मिस्ये रेमोंनी फ्रेम करून लावली होती. माझ्या खोलीत नव्हे, त्यांच्या. गिऱ्हाईक आलं की ते तिच्याकडे बोट दाखवत. त्या दिवशी फ्रेमऐवजी मी उभी राहायची, एवढाच फरक होता.

"ड्रायव्हर कोण?" मी विचारलं.

"असेल कोणीतरी. कांप दे मास्क गावचा."

कोणीतरी नव्हता. खिडकीतून पाहिलं तर सखाराम काका. आमच्या आईच्या गावचे. शाळेत असताना मी त्यांच्याच बसने जात असे. खाकी टोपी हातात धरून ते गाडीपाशी उभे होते, आत या म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता रेडिएटर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं भांडण तुम्हाला कळणार नाही. वर एक टाकी, खाली एक टाकी. मधे पितळेच्या पातळ नळ्या उभ्या ओळीने. इंजिनात तापलेलं पाणी वरून नळ्यांतून खाली येतं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. नळ्यांची टोकं टाक्यांच्या पत्र्यात सोल्डरने पक्की केलेली असतात. सगळं हलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूला एकेक पोलादी पट्टी असते, तीही वर-खाली पक्की.

धातू तापला की लांबतो. गरम पाणी आधी नळ्यांत शिरतं, म्हणून आधी नळ्या लांबतात. शिवाय पितळ पोलादापेक्षा जास्त लांबतं. बाजूची पट्टी बाहेर वाऱ्यात थंड असते. ती लांबायला तयार नसते. नळ्या म्हणतात सरक, पट्टी म्हणते नाही. या ओढाताणीत मरतो तो पट्टीच्या शेजारच्या नळीचा सांधा, अगदी कोपऱ्यातला. पोर्ट लुईहून मोकाचा चढ चढताना इंजिन तापतं, वर पोचलं की धुकं आणि गार वारा. दिवसातून कितीदा तरी ही ओढाताण. सांधा किती दिवस टिकणार?

आमचे रेडिएटर कोपऱ्यातच फुटत होते. मिस्ये रेमोंचं औषध एकच: पट्टी जाड करा. "सोलिद", म्हणजे भक्कम, हा त्यांचा लाडका शब्द. पट्टी जितकी सोलिद, तितका सांधा लवकर जाई. मी हे ड्रॉइंग काढून, आकडे मांडून, शेवटी स्वयंपाकघरातली उदाहरणं देऊन सांगितलं. उपाय सोपा होता. पट्टी मधोमध करवतीने आडवी कापायची. एक बारीक फट. म्हणजे नळ्या लांबल्या की पट्टीचे दोन तुकडे त्यांच्याबरोबर वर-खाली सरकतील आणि सांध्यावर ताण येणार नाही. खूप वादावादीनंतर त्यांनी ड्रॉइंगवर सही केली. पहिल्याच लॉटमधला रेडिएटर सखाराम काकांच्या बसला बसला होता.

आणि तोच फुटला होता.

"रेडिएटर बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? मालक वर येतोय!"

"मग त्यालाही खालीच थांबवा."

मी जिना उतरले. रेडिएटर बाकावर उभा केला होता. पाणी उजव्या कोपऱ्यातून गळलेलं, हिरवट ओघळ स्पष्ट दिसत होता. उकळत्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतलं तर पहिला तडाखा वरच्या तोंडाखालच्या नळ्यांना बसतो. त्या सगळ्या शाबूत होत्या. मग माझं लक्ष पट्टीकडे गेलं. काळा रंग, गुळगुळीत, अखंड. फट नव्हतीच.

मी पर्समधून घराची किल्ली काढली आणि मधोमध रंग खरवडला. खाली सोल्डर चमकलं. फट कापली होती. नंतर ती भरून, घासून, वर रंग दिला होता.

"गास्तों!"

गास्तों आमचा सोल्डरवाला. हात सुरेख, तोंड त्याहून मोठं. तो ऐटीत आला.

"ही फट कोणी भरली?"

"मी. दिसते का कुठे? सांगा, दिसते का?"

"का भरलीस?"

"झ्वे होता ना, मादाम. तुमच्याच ड्रॉइंगवर लिहिलं होतं, झ्वे. मी झ्वे असलेला माल बाहेर सोडत नाही."

हा शब्द समजून घ्या. झ्वे म्हणजे खेळ. आमची ड्रॉइंग फ्रेंचमध्ये असत आणि फ्रेंच ड्रॉइंगवर या शब्दाचा अर्थ मुद्दाम सोडलेली जागा. पण आमच्या बेटावरच्या कुठल्याही गराजमध्ये विचारा: स्टिअरिंगला झ्वे आहे म्हणजे ते ढिलं झालंय, दुरुस्तीला आणा. गास्तोंसाठी झ्वे म्हणजे रोग. त्याने रोग बरा केला होता. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि मी विचारून केलं. पात्रोंनीच सांगितलं, भर म्हणून."

पात्रों म्हणजे मालक. मिस्ये रेमों.

ते माझ्या मागेच उभे होते. शेजारी बस कंपनीचा मालक. सखाराम काका दाराबाहेर.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मादाम, कापलेली पट्टी गिऱ्हाइकाला दाखवणार कशी? सेकंडहँड वाटते. ते फक्त फिनिशिंग आहे."

"आणि त्या फिनिशिंगसाठी या माणसाची नोकरी घेणार?"

"आवाज खाली."

"नाही करणार."

माझे कान तापले होते. चुकीचा मला राग नव्हता, चुका मी रोज बघत होते. या माणसाला माहीत होतं, आणि तरीही खोटं माझ्या तोंडून वदवायचा त्याचा बेत होता. माझ्या डिग्रीच्या जोरावर. मी बाहेर बघून मराठीत हाक मारली, "काका, आत या."

ते बिचकत आले. "बाय, मी काय न्हाई केलं गं. मोकाच्या वर वाफ निगाली, मी गाडी बाजूला घेतली. लोक शिव्या देत हुते, तरी थांबलो. निवल्याबिगर झाकण पन उघडलं न्हाई."

"काय म्हणतोय तो?" मिस्ये रेमोंनी विचारलं.

"तुम्ही म्हणता त्याच्या उलट."

मी गास्तोंला रेडिएटर टेस्टच्या बाकाला जोडायला लावला. उकळतं पाणी सोडलं. कोपरा गळू लागला, गळू दिला. मग मी हॅकसॉ उचलली. गास्तों पुढे झाला, "द्या, मादाम, मी करतो." "तू बाजूला हो," मी म्हटलं. त्याच्या सुंदर सोल्डरवरच मी करवत चालवली. साडीवर काळा भुगा पडत होता. शेवटचा धागा उरला तेव्हा करवत पुरी व्हायच्या आधीच "टक्" असा आवाज झाला आणि पट्टी आपोआप उघडली. कोणी हात लावला नव्हता. करवतीच्या पात्याहून फट रुंद झाली.

"बघितलंत?" मी बसमालकाला म्हटलं. "इतकं ती नळ्यांना ओढून धरत होती. मोकाच्या प्रत्येक चढाला. यात तुमचा ड्रायव्हर कुठे आला?"

त्याने वाकून ती फट जवळून पाहिली. मग मिस्ये रेमोंकडे वळला आणि असे काही शब्द बोलला की ते मी नातवंडांना लिहीत नाही. ऐकायला मात्र छान वाटले.

सखाराम काकांना तोवर डेपोत बसगाड्या धुवायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत स्टिअरिंगवर बसले. बसमालकाने त्यांची माफी मागितली नाही. मिस्ये रेमोंनीही नाही. मी त्यांना दोनदा आठवण करून दिली, तर "बों, बों" म्हणाले, म्हणजे बरं, बरं. तो राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

ड्रॉइंगवरचा शब्द मी बदलला. झ्वे खोडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे कापा, भरू नका. गास्तों महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग त्याने त्या फटीला "कूपे मादाम" असं नाव दिलं, मादामचा काप, आणि तिच्या कडा कानशीने इतक्या सुबक घासू लागला की जणू ती त्यालाच सुचली होती. कोपरे फुटायचे थांबले. मिस्ये रेमों गिऱ्हाइकांना ती फट बोटाने दाखवू लागले. फ्रेमकडे मात्र त्यांचं बोट त्यानंतर वळलं नाही. नोकरी सोडताना ती मी भिंतीवरून स्वतः उतरवली.

आता तुम्हाला वाटेल, आजी म्हणणार की माणसालाही अशीच थोडी मोकळीक लागते. ते तुम्ही कॅलेंडरवरच्या सुविचारांत वाचा. मला कामातून कळलं ते इतकंच: काही तुटलं की आधी कुठे तुटलं ते बघावं. जवळ कोण उभं होतं, ते नंतर.