शनिवारचा चौथा तास

सोलापुरात नव्या पेठेच्या मागे एक जुनी शाळा आहे. तिथले चित्रकलेचे शिक्षक म्हणजे शिवपुत्र बिराजदार सर. एकतीस वर्षांत त्यांनी शिकवलं त्याहून जास्त लिहिलं. फळ्यावरचा सुविचार, पाहुण्यांचं स्वागत, मयत संचालकांना श्रद्धांजली, आणि दर जूनला ऑफिसबाहेरचा वेळापत्रकाचा लाकडी बोर्ड. अक्षर सुंदर असणं हा गुण नव्हे, जन्माची वेठबिगारी आहे.

त्यांचा स्वतःचा तास मात्र कुणीही यावं आणि उचलून न्यावा. "सर, पोर्शन राहिलाय, आजचा तास देता का?" असं दारातून कुणी म्हटलं की सर खडूची पेटी घेऊन बाहेर पडायचे. नववीचा शनिवारचा चौथा तास तर भूगोलाच्या दानेश्वरी मॅडमनी इतक्या वेळा नेला, की पोरं त्या तासाला आपसूक नकाशावही काढायची. सरांचं 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं. आता मेअखेर निवृत्ती होती आणि इच्छा एकच उरली होती. आपल्या जागेवर कुणीतरी यावं, कपाटातले रंग वाळून जाऊ नयेत.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं. कला आता प्रत्येक विषयात मिसळून शिकवायची, फेब्रुवारीत तपासणी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी शिक्षकांची गत झाली. मुख्याध्यापक सोमशेखर सर शिवपुत्र सरांना म्हणाले, "तपासणी चांगली झाली की तुमच्या जागेसाठी मला वर बोलता येईल."

मग गंगा उलटी वाहायला लागली. पहिल्या आल्या दानेश्वरी मॅडमच. "सर, माझा तास घेता का?"

सरांचे गुडघे कुरकुरत होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण आनंद झाला नाही असं खोटं कशाला सांगा. त्यांनी पोरांना आपापल्या गावची माती आणायला लावली. सांगोल्याची फिकट मुरमाड, मंगळवेढ्याची काळीभोर. डिंक लावून ती जिल्ह्याच्या नकाशावर चिकटवली, तेव्हा डाळिंब कुठं आणि ज्वारी कुठं, हे पोरांना पुस्तक न उघडताच कळलं. बातमी पसरली. गणित आलं, इतिहास आला, मराठी आलं. दिवसाला सहा-सहा तास सर उभे, आणि ज्यांचा तास ते मागच्या बाकावरून फोटो काढून आपल्या नावानं पाठवणार.

घरी आल्यावर बूट काढायचंही त्राण नसायचं. बायको शिवबाई कानडीत सुरू करून मराठीवर यायच्या, "साकु. पुरे की ओ आता. जाता जाता कशाला जीव काढताय?"

"जागा राहील गं," सर म्हणायचे.

तपासणी उत्तम झाली. एप्रिलमध्ये अहवाल आला. सोमशेखर सरांनी तो पुढे सरकवला, पण मान वर केली नाही. 'सर्व विषयशिक्षक आपल्या विषयात कलेचा उत्कृष्ट वापर करतात. स्वतंत्र कलाशिक्षकाची आवश्यकता दिसत नाही.' पुरावा म्हणून फोटो जोडले होते. मातीच्या नकाशाचाही होता, त्यात एका कडेला सरांचं कोपर तेवढं आलं होतं. सरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही छान रंगवून.

निवृत्तीआधी उरकावा म्हणून यंदा मे महिन्यातच बोर्ड लिहायला त्यांनाच बोलावलं. सरांनी पट्टी लावून चौकोन आखले, ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि हातातल्या कागदावरून एकेक विषय उतरवत गेले. नववीच्या शनिवारच्या चौथ्या तासापाशी हात थांबला. एकतीस वर्षं तिथं 'चित्रकला' लिहिलं होतं. शिकवली किती ते सोडा, लिहिली तरी होती. फार वाईट वाटलं. मग कागदावर होतं ते 'भूगोल' त्यांनी लिहिलं, नेहमीसारखंच सुरेख.

सोमशेखर सर मागे येऊन उभे राहिले. "काय अक्षर आहे सर. पुढच्या जूनला याल ना, एवढं बोर्डाचं करायला?"

"न्हाय," सर म्हणाले. ब्रश फडक्याला पुसत त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं. "आता प्रत्येक विषयाच्या मास्तरनं एकेक अक्षर लिवावं की. पत्रात तसंच हाय न्हवं?"