प्रीपोन

मी सूड घेतला, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या एका केंद्रात दर मंगळवारी मी निर्वासितांना कामापुरतं इंग्रजी शिकवायची. जर्मन ते दुसरीकडे शिकतच होते. पण हॉटेलात, विमानतळावर, आयटी कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये काम मिळवायचं तर थोडं इंग्रजीही लागतं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्यातली शाळा सोडून आले होते. इथे मला 'बाई' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. त्या वर्गात माझा जीव होता. वर्गाला मी पहिल्याच दिवशी 'बाई' म्हणायला शिकवलं होतं.

त्या दिवशीचा धडा होता टेर्मिन बदलण्याचा. इथे दातांच्या डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे आधी वेळ घ्यावी लागते, तो टेर्मिन. आणि तो मागेपुढे करण्यातच माणसाचं अर्धं आयुष्य जातं. मी फळ्यावर लिहिलं, पुढे ढकलायचा तर पोस्टपोन, अलीकडे घ्यायचा तर प्रीपोन. एक अफगाण मुलगी कानाशी हात धरून, फोनवर बोलल्यासारखी वाक्य म्हणून बघत होती.

मागून आवाज आला, "आल्झो, असा शब्दच नाही."

हा केंद्राचा प्रमुख, प्रत्येक वाक्य 'आल्झो', म्हणजे आपल्या 'तर'ने सुरू करणारा. इंग्रजीचा निवृत्त मास्तर, तरुणपणी इंग्लंडात राहून आलेला. त्यामुळे इंग्रजी म्हणजे याच्या घरची इस्टेट. मी फोनवर शब्दकोश काढून दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हे तर भारतीय इंग्रजी आहे, या लोकांना खरं इंग्रजी हवं. मग हसला. वर्गातले दोघंतिघंही हसले, कशाला ते न कळताच. पुढच्या आठवड्यापासून वर्ग त्याचा झाला. मला सांगण्यात आलं, तुम्ही मधल्या सुट्टीतली कॉफी बघा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "अगं, सोड ना. कशाला जातेस आता तिथे?" पण मी गेले, आणि गोड हसून कॉफी बघायला लागले.

कॉफीच्या टेबलाकडे मास्तर फिरकायचा नाही. तिथे माझा वर्ग भरायचा. कोणाचा टेर्मिन प्रीपोन झाला, कोणाला मुलाखत प्रीपोन करून हवी आहे, असं मी प्रत्येकाला मुद्दाम विचारायची. शब्द त्यांच्या जिभेवर पटकन बसला. जर्मनमध्ये त्यासाठी एकच सरळ शब्द आहे, मास्तरच्या खऱ्या इंग्रजीत मात्र अख्खं वाक्य फिरवावं लागायचं. थोड्याच दिवसांत सगळे त्यालाच विचारू लागले, आजचा तास प्रीपोन करता का? तो दर वेळी दुरुस्त करायचा. मी कप विसळत ऐकायची आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. घासून घासून शब्द त्याच्याही तोंडात बसणार, याची मला खात्री होती. वर्षानुवर्षं वर्गात उभी राहिलेय मी.

उन्हाळ्यात केंद्राचा समारंभ झाला. इंग्लंडहून पाहुणे आले होते. मास्तर कोट घालून माइकपाशी, आमचा वर्ग समोर खुर्च्यांवर, मी मागे थर्मासजवळ. पाहुण्यांची गाडी लवकर होती. तो इंग्रजीत म्हणाला की म्हणूनच आपण जेवण प्रीपोन करत आहोत.

पाहुण्यांपैकी एका बाईंनी शेजाऱ्याकडे वळून विचारलं, काय करत आहोत?

मी थर्मास खाली ठेवला. त्याच्याच सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आल्झो, असा शब्दच नाही."

वर्ग हसला. या वेळी कशाला ते सगळ्यांना कळलं होतं. मास्तर कानापर्यंत लाल झाला, आणि मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोनदा जेवले.

पुढच्या मंगळवारी अफगाण मुलीने आपली खुर्ची उचलून कॉफीच्या टेबलाशी आणली. "बाई," ती म्हणाली, "इथेच शिकवा." पाठोपाठ बाकीच्यांच्या खुर्च्या आल्या. मास्तर दारात उभा राहून बघत होता.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही कॉफी बघा."