चालण्याची चिठ्ठी

सीव नोरबीच्या हातात नर्सबाईंनी चिठ्ठी ठेवली, तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद चुकून आपल्याकडे आलाय. पण नाव तिचंच होतं, वय बासष्टही तिचंच. खाली औषधाच्या जागी लिहिलं होतं: रोज अर्धा तास चालणे, तीन महिने. आता सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या इमारती-इमारतींतून टपाल पोचवणाऱ्या बाईला हे काय सांगायचं! दिवसाला बारा किलोमीटर तर ती सहज तुडवायची, तेही कुणी न सांगता.

गेल्या शरदात टपाल बंद झालं. सगळा कारभार संगणकावर गेला. कुणाची नोकरी जाणार नाही असं वरच्यांनी सांगितलं होतं आणि शब्द पाळलाही. सीवला खिडकीजवळची जागा दिली, वरखाली होणारं टेबल दिलं, आणि बसून बसून प्रकृती बिघडू नये म्हणून दर बुधवारी व्यायामासाठी एक तास कामातून सूट दिली. माणसाला आधी बसवायचं आणि मग उठायला सांगायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सीवलाही नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना. मग एके दिवशी कॉफीच्या वेळी दुधाचा खोका उघडेना, एवढंच निमित्त झालं आणि ती सगळ्यांदेखत रडायला लागली. तिची रवानगी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात मादलेन नर्सकडे झाली.

मादलेन पोरगी गुणाची. तिने चिठ्ठीबरोबर एक तक्ता दिला. चालून आल्यावर मन कसं आहे, ते एक ते दहामधला आकडा घालून लिहायचं. इथेच सीवचं डोकं चालेना. विद्यापीठातल्या साडेचारशे खोल्यांचे आकडे तिला तोंडपाठ, पण मनाचा आकडा कुठून आणायचा? ती रोज विद्यापीठामागच्या तळ्याला एक फेरी मारायची. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही, म्हणून खिशात घालायची, पुन्हा काढायची. घरी आली की चार लिहायची. चार का, तर चाराने कुणाचं काही बिघडत नाही, असं आपलं तिला वाटायचं.

पण बिघडलं. मादलेनने अगदी मायेने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत आकडा वर गेला नाही, तर उन्हाळ्यापर्यंत आजारपणाची पूर्ण रजा घ्यावी लागेल. रजा म्हणजे घर. घरात रेडिओ, आणि नवरा, ऊवे, गेल्यापासून कायम रिकामी असलेली समोरची खुर्ची. त्या दिवशी तिने तक्त्यात सात लिहिले. मग लाज वाटली आणि खोडून टाकले. आपण आजारी आहोत की नाही, हेच तिला ठरवता येईना.

मार्चमधल्या एका मंगळवारी तळ्याची वाट निसरडी झाली होती, म्हणून ती इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त बोळांतून चालत सुटली. पाय आपसूक भूगर्भशास्त्राकडे वळले. तिसरा मजला, शेवटची खोली. दोनदा टकटक करून झाल्यावर तिला भान आलं की आपल्याकडे द्यायला काहीच नाही.

आत हालवार एकबोम बसला होता. दगडांवर संशोधन करणारा, निवृत्तीला आलेला, अबोल माणूस. त्याची दाढी गळ्यापर्यंत वाढली होती.

"काय आणलंस?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग आलीस कशी?"

त्याने टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं. सीव म्हणाली, "मला चालायला सांगितलंय."

हालवारने खण उघडून कागद काढला. तीच चिठ्ठी, तेच अक्षर, रोज अर्धा तास.

"चालतोस का मग?"

"दारापर्यंत जातो," तो म्हणाला. "पुढे कुठं जायचं तेच कळत नाही."

"आकडा किती घालतोस?"

"दोन." मग तो म्हणाला, "तू दहाला यायचीस ना, म्हणून मी रोज दाढी करायचो. आता कुणी येत नाही."

सीवला हसावं की रडावं कळेना. म्हणून ती रागावली. कोट घाल म्हणाली, निमूटपणे चल म्हणाली. जेमतेम खालच्या दरवाजापर्यंत गेले. तिथे हालवारला धाप लागली, की बाहेरचा उजेड सोसेना, कोण जाणे. तिथूनच ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी ती दहाला पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही.

महिनाअखेरीस मादलेनने तक्ता मागितला. शेवटच्या आठवड्याच्या रकान्यांत एकही आकडा नव्हता. रजेचा अर्ज टेबलावर तयार होता, फक्त सही राहिली होती.

"सीव, इथे काहीच लिहिलेलं नाही. आज किती?"

"तीन. काल अडीच होता. आज बाहेरच्या बाकापर्यंत आला."

"कोण आला?"

"तिसऱ्या मजल्यावरचा."

"अगं, मी तुझा आकडा विचारतेय."

"माझा मला कळत नाही गं," सीव म्हणाली. "खरंच कळत नाही. पण मला रजेवर घातलंस, तर उद्या दहा वाजता त्याचं दार कोण वाजवणार?"