ओठांपुरता रस

कोल्हापूरच्या एस्टी स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघताना ती माझ्या रसवंतीवर उसाचा रस घ्यायची आणि नुसते ओठ ओले करायची. साडी हिरवीगार, आवाज बाप्याचा. आता नातवंडं मला गप्प बसवतात, पण तेव्हा माझी जीभ चरकापेक्षा जोरात फिरायची. एक दिवस मी तिला म्हटलंच,

"अगं, पी की सगळा! बारीक व्हायचंय व्हय?"

"वैनी, गाडी लई लांबची. बायकांच्या मुतारीतनं हाकलत्यात, गड्यांच्यात जायचं भ्या वाटतंय."

मी चरक थांबवला. मग अवसान आणून म्हटलं, "पी तू. मी दारात उभी राहते, बघू कोण बोलतंय!"

तिनं गार पेला गालाला लावला. "आज तुम्ही हाय. उद्याच्याला?"

भरलेला पेला माझ्या हातात देऊन ती गाडीत चढली. गाडी वळेपर्यंत खिडकीतून ती त्या पेल्याकडंच बघत होती.