न घेतलेल्या नावाची भरपाई

फोउरारा गावात बार्नाबस कोनाई कोण, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. विचारायच्या आत तो स्वतःच सांगायचा. कोनाई घराण्यातला थोरला. डोंगराच्या माथ्यापासून खाली प्रवाळाच्या कडेपर्यंत जी जमीन आहे, तिच्याबद्दल बोलायचा हक्क थोरल्याचा, आणि बार्नाबसनं तो हक्क कधी गंजू दिला नाही. शाळा सहावीपर्यंतच झाली. पण ती काही डोकं कमी म्हणून सुटली नाही, हेही तो बजावून सांगायचा. बाप गेला, धाकटी निओमी हुशार निघाली, आणि खोबऱ्यावर दोघांची फी निघेना. मग थोरल्यानं वही ठेवली आणि कोयता उचलला. आठ वर्षं नारळ फोडले, धुरावर खोबरं वाळवलं, डोळे लाल करून घेतले आणि बहिणीला शिकवलं. यातलं काही खोटं नाही. बढाईखोर माणसाचं सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं, निवाडा तरी सोपा झाला असता.

निओमी आता राजधानीत, होनियारात, नोकरीला होती. देशोदेशी शाखा असलेली एक मोठी संस्था. लाच कोण देतो, कोण खातो, जंगल कुणाच्या सहीनं जातं, यावर त्यांचा डोळा. गरीब माणसानं जावं, फुकट तक्रार सांगावी, ते लिहून घेतात. बाजाराच्या दिवशी सुपारीला चुना लावत बार्नाबस सांगायचा, "माझी बहीण दारात उभी राहिली ना, की मंत्री खुर्चीतून उठतो. का? तिला विकत घेता येत नाही. कोनाईचं रक्त आहे. आमच्या घराण्याला आजवर कोणी विकत घेऊ शकलेलं नाही."

"आणि होडीला ते नवं इंजिन?" एखादा मुद्दाम खोदायचा. "चाळीस हॉर्सपॉवरचं?"

"तळाच्या समुद्रकाकड्या विकून घेतलंय ते. दोन हंगाम बुड्या मारल्यात. त्या खोलीवर तुझे कान फुटले असते, शहाण्या."

इंजिन समुद्रकाकडीचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तोआटा नावाचा माणूस आला होता. आपल्याच बोलीचा, आईकडून लांबचा नातलग, आणि आता लाकूडतोड कंपनीचा दलाल. तांदळाची पोती आणली, टूना माशाचे डबे आणले, चटईवर मांडी घालून तारोचा कंद खाल्ला आणि म्हणाला, "जमिनीच्या हक्काची सुनावणी आहे. अकरा घरांच्या सह्या लागतात. आता तू थोरला. तू असताना मी अकरा दारं हिंडू? बायकापोरांना विचारत बसू? इथं अकरा माणसं बोलतात की एक?"

हे वाक्य बार्नाबसला गुळासारखं लागलं. भर दुपारी, एकाच पेनानं, दर वेळी हात वेगळा वळवून त्यानं दहा सह्या केल्या. अकरावी ओळ, त्याच्या स्वतःच्या घराची, मोकळी राहिली. तोआटा म्हणाला, "एखाद्या वडीलधाऱ्याचं नाव टाक. वजन येतं." बार्नाबसनं बापाचं नाव घातलं. बापाला चर्चमागच्या वाळूत ठेवून वीस वर्षं झाली होती.

पुढच्या बोटीनं इंजिन आलं. त्यानं मनाला समजावलं की पाहुण्यानं दिलेलं परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आपल्याकडे आलेलं डुक्कर कधी कोणी परत धाडतं का? मग खालच्या उतारावर बुलडोझर चढले. नदी तांबडी झाली. बायका प्यायच्या पाण्यासाठी तासभर चालून दुसऱ्या झऱ्यावर जाऊ लागल्या. कंपनीला शिव्या घालण्यात सगळ्यांत मोठा आवाज बार्नाबसचा.

एका रविवारी निओमी गावात आली. तिच्या संस्थेची रीतच अशी, की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना छापायच्या आधी वाचून दाखवायचं. प्रार्थना झाली, लोक तसेच सभेच्या झोपडीत बसले. बार्नाबस पुढच्या रांगेत, मांडीवर हात, मान ताठ. शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघ आता. इंग्रजीत लिहिलंय आणि आपल्या बोलीत सांगतेय. मध्ये अडखळत नाही."

निओमी खरंच अडखळली नाही. वरच्या डोंगरावरच्या तोडीची परवानगी अजून थांबवता येईल, म्हणाली. पण पहिल्या सह्या कशा झाल्या हे सांगणारा एक तरी माणूस पुढे आला पाहिजे. हवं तर त्याचं नाव गुप्त राहील. मग तिनं पान उलटलं आणि वाचलं, "या किनाऱ्यावरच्या एका गावात एका जमीनमालकानं सगळ्या घरांच्या सह्या एकट्यानं केल्या. त्यांत एक नाव मेलेल्या माणसाचं होतं. त्याबद्दल त्याला होडीचं इंजिन मिळालं."

गावाचं नाव नाही. माणसाचं नाव नाही. त्या किनाऱ्यावर गावं चौदा, आणि इंजिनं म्हणाल तर दर गावात दोन-तीन. लोक सुपारी चघळत ऐकत होते. एकानं तर जांभईही दिली.

पण बार्नाबसच्या कानात रक्त चढलं. सगळी झोपडी आपल्याच पाठीकडे बघतेय असं त्याला वाटलं. आपल्या गावात कोणी तुमचं नाव मळवलं आणि तुम्ही गप्प बसलात, तर ते तुम्ही कबूल केलं. लहानपणापासून त्याला हेच शिकवलेलं. माणूस उठतो आणि भरपाई मागतो. तोही उठला.

"हे ज्यानं लिहिलं त्यानं माझं नाव मळवलंय!" तो गरजला. "मला भरपाई पाहिजे! पाच माळा तांबड्या शिंपल्यांच्या आणि वर एक डुक्कर! कोनाईचं नाव काय फुकटात पडलंय?"

निओमीनं डोळे मिटले.

गावातले सगळ्यांत मोठे फानेगाओ आबा. त्यांनी तोंडातली सुपारी बाहेर थुंकली आणि सावकाश विचारलं, "बार्नाबस, पोरा, तुझं नाव घेतलं कोणी?"



मागून एस्ताची हसायची उबळ ऐकू आली. एस्ता म्हणजे विधवा, साठीची, रोज दोन खेपा पाणी वाहणारी. "खाई त्याला खवखवे," ती म्हणाली. "अगं बाई! मला वाटलं, इंजिन समुद्रकाकडीनं दिलं!"

मग हसू इकडून तिकडे पसरलं, आणि जसं पसरलं तसंच विझलं. कारण एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं की सगळ्या घरांत आपलंही घर आहे. त्या वेळी बार्नाबसनं खाली बसायला हवं होतं. बसला नाही. मान वर करून उभा राहायची सवय त्याला एवढी जडली होती, की ती खाली कशी करायची हेच त्याला येईना.

"मागितली ती मागितली," तो म्हणाला. "बुधवारी निवाड्याला बसू."

"बरं, बुधवारी," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निओमी त्याला होडीपाशी गाठायला आली. तो इंजिनावर ताडपत्री बांधत होता. पावसासाठी नव्हे, लोकांच्या नजरेसाठी.

"दादा, मी नाव लिहिलं नव्हतं रे."

"लिहायचं होतंस! तोंडावर तरी लिहायचं! हे असं, मागून दगड मारल्यासारखं..."

"तुला ठाऊक आहे का, मला ऑफिसात तीनदा विचारलं? हा माणूस कोण, तू ओळखतेस का? आमच्यात नियम आहे. नात्यातलं माणूस निघालं तर आधी सांगायचं आणि ते काम दुसऱ्याला द्यायचं. मी तीनदा म्हटलं, ओळखत नाही."

बार्नाबसच्या हातातली दोरी थांबली. "तू खोटं बोललीस?"

"हो."

"तू?"

"मी. आणि आता अख्ख्या किनाऱ्याला कळलं, की तो माणूस माझा सख्खा भाऊ आहे. होनियारात बातमी पोचायला बोटसुद्धा लागत नाही, दादा. फोन आहेत लोकांकडे."

त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. थोरल्यानं बोलावं तसं. पण बाजारात वर्षानुवर्षं सांगितलेलं ते वाक्य, विकत न घेता येणाऱ्या बहिणीचं, तेवढंच आठवलं. इंजिन त्याला मिळालं होतं आणि विकली गेली होती ती. तिला तर तोआटानं तांदळाचा दाणाही दिला नव्हता.

"तुला आधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"कागदावर बाबांची सही बघितली. बाबांना लिहिता येत नव्हतं, दादा. ते अंगठा करायचे."

एवढं बोलून ती निघून गेली. रागावली असती, रडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

बुधवारी अकराही घरं झोपडीत आली. मधे चटई. एका बाजूला भरपाई मागणारा बसतो, समोर देणाऱ्याची माणसं. बार्नाबस एकटाच बसला. समोर निओमी, तीही एकटी. आबांनी दोघांकडे पाहिलं.

"मुलीच्या बाजूनं कोण उभं राहतंय?"

बाईनं नाव मळवलं तर तिच्यासाठी भरपाईच्या माळा ठेवतो तिचा बाप. बाप नसला तर थोरला भाऊ. हे शेंबड्या पोरालाही माहीत. बार्नाबसला तर तोंडपाठ होतं, दुसऱ्यांच्या भांडणात तोच मोठ्यानं सांगायचा. पण रागाच्या भरात तीन दिवस त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, की तिचा थोरला भाऊ म्हणजे आपणच.

"बाप कुठंय हिचा?" आबांनी विचारलं. "दोन वर्षांपूर्वी सही करायला आला होता म्हणतात. त्याला बोलाव की, बार्नाबस. तुझं ऐकतो तो."

एस्तासुद्धा हसली नाही.

बार्नाबस उठला. त्यानं चटई ओलांडली आणि निओमीच्या शेजारी जाऊन बसला. समोरची जागा रिकामी पडली. आता मागणारा कोणीच नव्हता आणि देणाऱ्याच्या बाजूला दोघं होते.

"सह्या मी केल्या," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागचे लोक "काय? काय म्हणाला?" असं विचारू लागले. त्याला पुन्हा सांगावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मोठ्यानं बोला असं सांगावं लागलं. त्यानं अकरा घरांची नावं घेतली, आणि नाव घेताना त्या त्या घरातल्या माणसाकडे बघितलं. एस्ताच्या नवऱ्याचं नावही त्यात होतं. तो तेव्हा जिवंत होता, आजारी होता, आणि त्याचं घर पन्नास पावलांवर होतं.

"पन्नास पावलं," एस्ता म्हणाली. "तेवढं चालवलं नाही तुला?"

चालवलं असतं, पण विचारलं असतं तर एस्ताचा नवरा 'नाही' म्हणाला असता, हे बार्नाबसला तेव्हाही ठाऊक होतं. तेही त्यानं सांगितलं. एस्ता उठून बाहेर गेली.

"लिहून घे," तो निओमीला म्हणाला.

निओमीनं वही उघडली नाही. "मला नाही घेता येणार, दादा. मी बहीण आहे. दुसरं कोणी येईल. आणि त्याआधी मला जाऊन, मी काय केलं ते सांगावं लागेल."

"नोकरी?"

"बघू."

ती शुक्रवारच्या बोटीनं गेली. बार्नाबस धक्क्यापर्यंत तिची पिशवी घेऊन चालला, आणि वाटेत भेटलेल्या कोणालाही त्यानं ही कोण, कुठं काम करते, हे सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी संस्थेचा माणूस आला. दुसऱ्या बेटावरचा, चष्मेवाला, पायाला चिखल लागला की पुसणारा. निओमी सोबत नव्हती. तिला घरी बसवलंय, चौकशी चाललीय, एवढंच त्यानं सांगितलं, आणि जास्त विचारायचं धाडस बार्नाबसला झालं नाही. सभेच्या झोपडीतच बसायचं, आडोशाला नाही, असं बार्नाबसनंच ठरवलं होतं. लोक आले. मागे एस्ताही येऊन टेकली, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून. त्या भांड्यात तासभर चालून आणलेलं पाणी होतं, आणि बार्नाबसची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

माणसानं पेन काढलं. "सुरुवातीलाच विचारतो. आमच्या कागदावर तुमचं नाव गुप्त ठेवता येतं. ठेवू?"

"आता कोणापासून ठेवताय?" एस्ता मागून म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. बार्नाबसची मान खालीच होती. चटईचा एक निघालेला धागा तो बोटानं दाबत राहिला, पण तो बसेना.

"नको," तो म्हणाला. "लिहा. बार्नाबस कोनाई."

"कोण? म्हणजे घराण्यात तुमची जागा काय?"

हे सांगायला त्याला आजवर कधी दम घ्यावा लागला नव्हता. त्यानं फानेगाओ आबांकडे पाहिलं. आबा बाहेर नदीकडे बघत होते.

"ते यांना विचारा," बार्नाबस म्हणाला. "हे सांगतील ते लिहा."

माणसानं पेन वर धरून लोकांकडे पाहिलं. बराच वेळ कोणी काही सांगितलं नाही.